आधी डॉक्टरांच्या क्वार्टरची कौलं परता

प्रति,
आमच्या जिल्हा परिषद गटातून आणि पंचायत समिती गणातून उभे असलेले सर्व उमेदवार
(पक्ष कुठलाही असो, गेल्या खेपेला वेगळा होता तरी हरकत नाही)

स. न. वि. वि.

तुमच्या प्रचाराची रिक्षा तिठ्यावर नेमकी माझ्या दुकानासमोर उभी राहते, कारण वडाची सावली तेवढीच आहे. दिवसभर मी तुमचं ऐकतो. आज एकदा तुम्ही माझं ऐका.

मी औषधाचं दुकान चालवतो. बत्तीस वर्षं झाली. आमच्याकडे माणूस औषधाच्या दुकानात नुसत्या गोळ्या घ्यायला येत नाही. एसटीला वेळ असतो, ऊन असतं, बाकडं असतं. मग राजकारण निघतं, कोणाच्या मोबाइलमध्ये काय आलंय ते निघतं, आणि कोणाच्या आज्याला कुठल्या वैद्याने कसं उठवून बसवलं तेही निघतं. या तिन्ही विषयांत आमच्या बाकड्यावरचा प्रत्येक जण तज्ज्ञ आहे. मीही त्यांतलाच. तेव्हा पुढचं सगळं तेवढ्याच भरवशाने घ्या.

तुमची पत्रकं मी वाचली. एकाने 'स्मार्ट आरोग्य केंद्र' लिहिलंय, दुसऱ्याने प्रत्येक वाडीत टेलिमेडिसिन, म्हणजे फोनवरून डॉक्टर, आणि तिसऱ्याने थेट एआय. एआय म्हणजे काय करणार, असं मी त्याच्या कार्यकर्त्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, ता सगळा आपोआप करता." आमच्या आरोग्य केंद्रात आपोआप होणारी एकच गोष्ट मला ठाऊक आहे, ती म्हणजे डॉक्टरची बदली.

आता मूळ विषय. मला विंचवाबद्दल बोलायचंय.

माझा मोठा काका विंचवाने गेला. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. भात झोडून झालं होतं, गवताची उडवी रचताना लाल विंचवाने बोटाला डंख मारला. आजी सांगायची, आधी नुसती कळ होती. मग अंगातून घामाच्या धारा लागल्या आणि हातपाय मात्र बर्फासारखे गार. विंचू उतरवणारा आणला. त्याने मंत्र टाकला, कांदा चोळला, वर गूळ मागितला. पहाटेकडे काकाला धाप लागली, तोंडाला गुलाबी फेस आला आणि उजाडायच्या आत संपलं. उतरवणारा जाताना म्हणाला, "उशिरा बोलावलात." हे वाक्य मी पुढे भल्याभल्या हॉस्पिटलांच्या दारातही ऐकलंय.

त्या गुलाबी फेसाचा उलगडा कोकणातच झाला, हे तुमच्यापैकी कितींना ठाऊक आहे? डॉ. हिंमतराव बावस्कर हा जालना जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा, नागपुरात एमबीबीएस झाला आणि १९७६ साली महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आला. म्हणजे तुमच्या ताब्यात असतात तसल्याच एका केंद्रात. तिथे लाल विंचवाचे रुग्ण यायचे आणि बरेचसे डोळ्यांदेखत जायचे. पुस्तकात उपाय नव्हता. मग त्यांनी रुग्णाजवळ बसून राहायला सुरुवात केली. रक्तदाब मोजायचा, नाडी बघायची, लिहून ठेवायचं, पुन्हा मोजायचं. त्या नोंदींतून दिसलं ते असं: विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो, त्या ओझ्याने हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. माझा काका विषाने असा नव्हे, आपल्याच फुप्फुसांतल्या पाण्याने बुडून गेला. घरात, कोरड्या ओटीवर.

यावर बावस्करांना जे औषध लागू पडलं, ते रक्तदाबाची साधी गोळी होतं. प्राझोसिन. विंचवासाठी ती कोणी बनवलीच नव्हती. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, एवढंच तिचं काम. पण वेळेत मिळाली तर तेवढं पुरतं. गंभीर रुग्णांतले शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एक-दोनवर आलं. ही सगळी निरीक्षणं त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये छापली आणि जिथे जिथे असे विंचू आहेत, त्या देशांतल्या डॉक्टरांनी महाडचं नाव वाचलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इथे तुम्ही टाळ्या वाजवाल. टाळ्यांना माझी ना नाही, पण जरा थांबा आणि हिशेब बघा. त्या शोधाला काय लागलं? रक्तदाबाचं यंत्र, वही, आणि रात्री दोन वाजता खाटेपाशी जागा असलेला डॉक्टर. एमआरआय लागला नाही. फीत कापावी लागली नाही.

रक्तदाबाच्या यंत्राचीही एक गंमत आहे. दंडाला पट्टा बांधून हवा भरायची आणि पाऱ्यावर दाब वाचायचा, ही युक्ती इटलीतल्या रिव्हा-रोच्चीने १८९६ साली काढली. त्याच वर्षी मुंबईत मांडवीला प्लेग लागला. लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले. सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा केला, प्रवाशांची तपासणी, घरांची झडती, सगळं सुरू झालं. २०२० साली तुम्ही चाकरमान्यांना वेशीवर अडवलंत आणि शाळेत कोंडलंत, ते ज्या कायद्याच्या जोरावर, तो तोच होता, १८९७ चा. हातात मोबाइलवरचा ई-पास होता, एवढाच फरक. मी तेव्हाही दुकान उघडं ठेवून होतो आणि मला आठवतं, पास दाखवून आलेल्या माणसाचा ताप कोणी मोजला नव्हता, पास मात्र दोन ठिकाणी मोजला होता.

सरकारला मोजता येतं ते आवडतं, ही सवय इंग्रजांपासूनची. १८६२ साली रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी फार झाली, म्हणून मारणाऱ्याला डोक्यामागे बक्षीस लावलं. काही दिवसांत लाखावर फुरशी मारून लोकांनी आणून टाकली. कागदावर केवढं यश! आणि आज? देवगडच्या कातळावर उन्हाळ्यात अनवाणी चालून दाखवा. फुरसं आहे तिथेच आहे. बक्षिसाचे पैसे मात्र संपले. तुमच्या 'एवढ्या लाखांची कामं' असल्या बॅनरांकडे बघितलं की मला ती मेलेली फुरशी आठवतात. राग मानू नका.

बाकड्यावर दुसरं एक मत हमखास निघतं, की हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. त्यावर मी पूर्वी हसायचो. आता तितका हसत नाही. आपल्या रानात कडू कवठाचं झाड आहे, त्याच्या बियांचं तेल महारोगावर लावायची चाल जुनी. आपल्या शेजारच्या, गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले, त्यांनी मुंबईत महारोग्यांवर याच जातीच्या तेलाचे प्रयोग केले. १९४० च्या दशकात सल्फोनची औषधं येईपर्यंत हे तेल जगभर महारोगावर वापरलं जात होतं. आणि हे भाऊ दाजी राजकारणातही होते बरं का. १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनमध्ये त्यांचा हात होता, पुढे ते मुंबईचे शेरीफ झाले. म्हणजे डॉक्टरकी आणि राजकारण एका माणसात मावू शकतं. तुमच्यात मावावं असा माझा आग्रह नाही.

तर आजीच्या काळचं सगळंच खोटं नव्हतं. कवठाचं तेल आणि विंचवाचा मंत्र एकाच माणसाकडे मिळायचे. कुठलं चालतं आणि कुठलं चालत नाही, हे सांगायला मात्र कोणीतरी रुग्णाजवळ बसून लिहावं लागतं. देवी गेल्या त्याही मंत्राने गेल्या नाहीत. १४ जून १८०२ ला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची पहिली लस टोचली. ती लस बगदाद, बसरा असा प्रवास करत, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत टोचत आली होती. शीतपेटी नव्हती, म्हणून माणसंच शीतपेट्या झाली. माझ्या वडिलांच्या दंडावर देवी टोचल्याचे दोन गोल वण होते. देवी डॉक्टर पायी यायचा, डोंगर चढून यायचा, पोरं माळ्यावर लपायची. १९७५ साली देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. पावणेदोनशे वर्षं लागली, आणि त्यांतली बहुतेक वर्षं कोणी तरी चालत येण्यात गेली.

आता टेलिमेडिसिनबद्दल. मी काही यंत्रांचा वैरी नाही. माझं बिलिंग संगणकावर आहे, पैसे क्यूआर कोडने घेतो, आणि आमच्या सुनेला गरोदरपणात सरकारच्या ई-संजीवनीवरून, म्हणजे मोबाइलवरच, एका बाईडॉक्टरने फार नीट सांगितलं होतं. पण मला मे २०२१ आठवतो. तौक्ते वादळ येऊन गेलं आणि आमच्याकडे वीज नव्हती, रेंज नव्हती, रस्त्यावर माड आडवे. त्या दिवसांत आरोग्य केंद्र म्हणजे एक सिस्टर, एक बॅटरी आणि औषधांचं कपाट. एवढंच चालू होतं, आणि ते चालू होतं हे विशेष.

आणखी एक, अगदी गेल्या ऑक्टोबरातली. केंद्राचं नाव घेत नाही, बाईचं तर नाहीच. कापणीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमाराला तिला विंचू चावला. तासाभरात घाम, उलट्या, गार हात. रिक्षात घालून केंद्रात नेली. नवरा विचारतोय, "डॉक्टर खय आसत?" डॉक्टर त्या रात्री दुसऱ्या केंद्रावर होते, कारण एका डॉक्टरकडे दोन केंद्रं. आणि एरवीही ते तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहतात, कारण केंद्रामागच्या क्वार्टरचं छप्पर गळतं. सिस्टरने बाईचा रक्तदाब मोजला. मोबाइल घेऊन मागच्या फणसाखाली गेली, कारण रेंज तिथेच येते. डॉक्टरांना आकडे सांगितले. त्यांनी गोळी सांगितली, ती कपाटात होती, दिली. रात्रभर सिस्टर दर अर्ध्या तासाने मोजत बसली. सकाळी १०८ ने बाईला पुढे नेली ती उठून बसूनच. आज ती बाई आठवडी बाजारात सुरण विकते.

तंत्रज्ञानाचे भक्त मला म्हणतील, बघा, फोनने जीव वाचवला. खरं आहे, फोन नसता तर कठीण होतं. पण फणसाखाली धावायला सिस्टर तिथे राहत होती. तिच्या खोलीचं छप्पर तिने स्वतःच्या पैशांनी ताडपत्री घालून झाकलंय. मी स्वतः पाहिलंय, निळ्या रंगाची आहे. माझ्या पत्राचं सगळं सार त्या ताडपत्रीत आहे, असं समजा आणि हवं तर पुढचं वाचू नका.

वाचणार असाल तर जरा कायद्याचं बोलू. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं चालवणं हे तुमचं काम. ग्रामीण रुग्णालय राज्य सरकारचं, मेडिकल कॉलेज राज्य सरकारचं, तिथे तुम्ही फोटोपुरते. पण केंद्राचं छप्पर, पाणी, कपाट, क्वार्टर हे तुमच्या सभेत येतं. २०२२ साली मुदत संपली आणि प्रशासक आला, तेव्हा तुमच्याकडे सबब होती. आता ती राहणार नाही. सपाट भागात तीस हजार लोकसंख्येला एक केंद्र आणि डोंगराळ भागात वीस हजाराला, असा हिशेब आहे. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ साली, भोर समितीने दूरचं स्वप्न म्हणून लिहिलं होतं की दहा ते वीस हजार लोकांमागे पंचाहत्तर खाटांचं रुग्णालय असावं. आमच्या केंद्रात सहा खाटा आहेत. त्यांतल्या एकीवर जुनी रजिस्टरं झोपलेली असतात. पंचाहत्तर मी मागत नाही. त्या एका खाटेवरची रजिस्टरं उचला.

मोठ्या आजाराला आम्ही कुठे जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यातलेही जातात. बांबोळीला. पोर्तुगीजांनी १८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा काढली, तिचाच वारसा म्हणजे आजचं गोवा मेडिकल कॉलेज. पोर्तुगीज गेले, राज्याची हद्द आखली, आपल्या जिल्ह्यातही मेडिकल कॉलेजची पाटी लागली, पण अपघात झाला की अ‍ॅम्ब्युलन्सचं तोंड अजून दक्षिणेकडेच वळतं. आणि मुंबईकडे वळवावं म्हटलं तर महामार्ग आहेच, २०११ पासून होतोय. त्यावर मी काही बोलत नाही. बाकड्यावर त्या विषयाला बंदी आहे, रक्तदाब चढतो आणि गोळ्या मलाच द्याव्या लागतात.

एक शंका तुमच्या मनात असेल. डॉक्टर राहायलाच तयार नसतात, बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी नोकरीचं, वर्ष भरलं की पळतात, मग आम्ही काय करावं? अर्धं खरं आहे. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे बॉण्डवाले चार येऊन गेले. चौघांशीही माझी ओळख झाली, कारण संध्याकाळी बोलायला दुसरं कोणी नसायचं म्हणून ते दुकानात येऊन बसायचे. पोरं वाईट नव्हती. एकाला तर खरंच राहायचं होतं. त्याची बायकोही डॉक्टर. तिला इथे नेमणूक मिळेना आणि क्वार्टरच्या न्हाणीघरात पावसात घोणस निघाली. तिसऱ्या महिन्यात दोघं गेली. घोणस काही तुमच्या पक्षाची नव्हती, पण न्हाणीघराचं दार तुमच्या खात्याचं होतं. त्या पोराने जाताना मला आपली वही दाखवली. पावसाळ्यातल्या तापांची नोंद त्याने तारखेवार केली होती: कोण कुठल्या वाडीतला, शेतात किती दिवस होता, पायाला जखम होती का. लेप्टोच्या तापाचं कोडं त्याला सोडवायचं होतं. वही घेऊन गेला. बिरवाडीत १९७६ साली अशीच एक वही सुरू झाली होती, आणि त्या माणसाला महाडात पाय रोवता आले. आमच्या पोराला आले नाहीत.

कलकत्त्याकडचे डॉ. दिलीप महालनबीस यांचंही असंच. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासित आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात घालून पिंपं भरली आणि नातेवाइकांच्या हातात पेले दिले. मरणारे शंभरात तीसच्या आसपास होते, ते चारपेक्षा खाली आले. माझ्या दुकानात ओआरएसचं, म्हणजे तसल्याच पाण्याच्या पुडीचं, पाकीट सगळ्यांत स्वस्त औषधांतलं आहे. लोक ते हातात घेऊन विचारतात, "ह्याच्यापेक्षा भारी कायतरी नाय?" तुमच्या पत्रकांतही मला तोच प्रश्न दिसतो.

तर माझं मागणं भारी नाही. पहिल्या वर्षात गटातल्या प्रत्येक केंद्राच्या क्वार्टरची कौलं परतून द्या, न्हाणीघराला दार आणि पंपाला पाणी द्या. कपाटात सापाची लस आणि विंचवाची गोळी कधी संपते ते दर सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. नवराबायको दोघंही डॉक्टर असतील तर दोघांना जवळच्या केंद्रांत ठेवायला मुंबईत जाऊन भांडा. भांडायला तुम्हाला येतं, सभांची वर्तमानपत्रातली वर्णनं मी वाचतो. हे झालं की मग खुशाल एआय आणा. रात्री दोन वाजता मोजलेला रक्तदाब त्याला सांगायला केंद्रात कोणी तरी असेल, म्हणजे त्याचाही उपयोग होईल.

येत्या रविवारी तुमच्या रिक्षा तिठ्यावर येतील तेव्हा कर्णा पाच मिनिटं बंद करा आणि माझ्याबरोबर केंद्राच्या मागे चला. चारी पक्षांचे एकदम आलात तरी चालेल. निळी ताडपत्री लांबूनच दिसते. शिडी दुकानात आहे, कौलं चढून बघायची असतील तर मी खालून धरतो.

आपला,
तिठ्यावरचा औषधवाला
(सिंधुदुर्ग जिल्हा)